शेतघर आणि रानाकाठच्या वस्तीसाठी परवान्याची बंदूक व काडतुसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणातले बागायतदार, घाटमाथ्यावरचे आणि विदर्भातले शेतकरी, गावाबाहेर मळ्यात राहणारी कुटुंबं यांच्याकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्र आणि गोव्यातल्या परिस्थितीला धरून आहेत. शस्त्र कायद्यातली २०१९ ची आणि वन्यजीव कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती लक्षात घेतली आहे.

१. स्वतःच्या शेतात, स्वतःच्या घरात ठेवायची बंदूक. तरीही परवाना लागतो का?

लागतो. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ प्रमाणे बंदूक आणि काडतूस दोन्हींसाठी परवाना हवा. बंदूक नसताना घरात नुसती दोन काडतुसं सापडली तरी तो गुन्हा आहे. विनापरवाना साधी बंदूक बाळगल्यास २०१९ नंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षं शिक्षा आहे. वय २१ पूर्ण हवं. अर्ज पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत आयुक्तांकडे, इतरत्र जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे करायचा. पोलिसांचा अहवाल, वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला आणि बंदूक सुरक्षित कुठे ठेवणार याची माहिती लागते. अर्ज नाकारला तर कारणं लेखी मागा, कलम १८ खाली अपील करता येतं. परवान्याची मुदत पाच वर्षं आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका.

२. आत्मसंरक्षणाचा आणि शेतीसंरक्षणाचा परवाना यांत फरक काय?

उद्देश वेगळा आणि मिळणारं हत्यारही बहुधा वेगळं. कलम १३ मध्ये शेतीसंरक्षणासाठी आधी विचार केला आहे तो ठासणीच्या (तोंडाकडून दारू ठासून भरायच्या) बंदुकीचा. ठासणी पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर काडतुसाची गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. म्हणून बाराबोअर (अशीच काडतुसाची, १२ नंबरची बंदूक) हवी असेल तर अर्जात नुसतं ‘डुकरांचा त्रास’ एवढंच लिहू नका. सातबारा, पीक, नुकसानीचे पंचनामे, वनखात्याकडे केलेले अर्ज, पावसाळ्यात ठासणी का चालत नाही (प्रश्न ७ पाहा) हे सगळं जोडा. संरक्षण किंवा खेळासाठी नळी किमान २० इंचांची हवी. त्याहून आखूड नळीची बंदूक प्रतिबंधित वर्गात जाते, त्यामुळे नळी कापून आखूड करण्याचा विचारही नको.

शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. हा गैरसमज माणसांना तुरुंगात नेतो (प्रश्न ८).

३. शेतघराच्या संरक्षणासाठी नेमकं काय घ्यावं: रिव्हॉल्व्हर, रायफल की बाराबोअर?

दहातल्या नऊ घरांसाठी आमचं उत्तर बाराबोअर दुनळी.

रिव्हॉल्व्हर लहान, लपवायला सोपं, म्हणून लोकांना आवडतं. पण भारतात सामान्य परवान्यावर मिळणारं रिव्हॉल्व्हर मुख्यतः .३२ बोअरचं. ९ मिलिमीटर, .३८ आणि .४५५ हे प्रतिबंधित बोअर आहेत. .३२ ची गोळी हलकी आणि संथ, जनावरासमोर तिचा भरवसा नाही. शिवाय आखूड नळीच्या हत्याराने घाबरलेल्या हाताने सात-आठ मीटरवरही नेम चुकतो. ते चालवायला नियमित सराव लागतो आणि वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिलेल्या हत्याराचा सराव होत नाही.

.३१५ रायफल भक्कम आहे, पण वस्तीजवळ ती नको. तिची गोळी चुकली तर दीड-दोन किलोमीटरवरच्या माणसालाही धोका राहतो. पत्रा, लाकडी दार, विटांची पातळ भिंत यांनी ती थांबत नाही. सपाट मुलखात, जिथे मागे टेकडीचा आडोसा नाही तिथे, ती प्रत्येक वेळी पलीकडच्या मळ्यावर झाडल्यासारखी होते.

बाराबोअरची नळी साधारण १८.५ मिलिमीटर व्यासाची. एकाच बंदुकीत बारीक छर्ऱ्यांपासून एकगोळीपर्यंत काहीही चालतं. दुनळी उघडली की भरलेली आहे की रिकामी हे घरातल्या कुणालाही डोळ्यांनी दिसतं, आणि हा सुरक्षेचा मोठा फायदा आहे. वजन साधारण तीन ते सव्वातीन किलो. विकत घेण्याआधी खांद्याला लावून बघा: दस्ता लांब असेल तर तो बगलेत अडकतो, आखूड असेल तर धक्क्याने अंगठा नाकावर आदळतो.

४. नवी घ्यावी की जुनी इंग्लिश बंदूक? पंप गन कशी?

१९८० च्या दशकाच्या मध्यापासून परदेशी बंदुकांची सर्वसाधारण आयात बंद आहे, त्यामुळे जुन्या इंग्लिश दुनळ्यांना अवाच्या सवा भाव येतो. नावाला भुलू नका. मिटवलेल्या बंदुकीची नळी आणि पाठीमागचा भाग यांत उजेड दिसतो का, दस्ता धरून हलवल्यावर सांधा खुळखुळतो का, नळीत आतून खड्डे आहेत का, रिकाम्या बंदुकीचा चाप न ओढता घोडा पडतो का, हे परवानाधारक बंदूक-कारागिराकडून तपासून घ्या. नळीवर पट्ट्यापट्ट्यांची दमास्कस नक्षी असेल आणि नायट्रो प्रूफची (आजच्या दारूचा दाब सोसते हे तपासल्याची) खूण नसेल तर ती काळ्या दारूसाठी बनलेली बंदूक आहे. आजचं काडतूस तीत घालू नये. भिंतीवर शोभेल, खांद्याला नाही.

पंप गनमध्ये (नळीखालची मूठ मागे-पुढे ओढून काडतूस भरायच्या बंदुकीत) काडतुसं जास्त बसतात. पण गडबडीत पंप अर्धाच मागे ओढला की काडतूस अडकतं, आणि नळीखालच्या मॅगझिनमध्ये एखादं राहून गेलेलं दिसत नाही. सराव करणाराच असाल तर घ्या.

५. काडतुसावरची अक्षरं आणि आकडे कसे वाचायचे? घरासाठी कोणतं, शेतासाठी कोणतं?

आपल्याकडे छर्ऱ्यांची ब्रिटिश पद्धत चालते. आकडा जितका मोठा तितका छर्रा बारीक, आणि अक्षरांची काडतुसं आकड्यांच्या काडतुसांपेक्षा जाड. एका औंसात (२८ ग्रॅम) ढोबळमानाने एलजीचे ६, एसजीचे ८, एसएसजीचे १५, एएएचे ३५, बीबीचे ७०, चार नंबरचे १७० आणि सहा नंबरचे २७० छर्रे बसतात. एलजीचा छर्रा ९ मिलिमीटरच्या आसपास, सहा नंबरचा अडीचच्या किंचित वर.

घराच्या आत अंतर असतं तीन ते सात मीटर. एवढ्या अंतरात छर्रे ‘पसरतात’ ही समजूत चुकीची आहे. साध्या नळीतून दर मीटरला अडीच-तीन सेंटिमीटर पसारा धरा. पाच मीटरवर तो तळहाताएवढाच असतो, म्हणजे नेम धरावाच लागतो. आणि एवढ्या जवळून बारीक छर्राही जीवघेणा असतो. एलजी, एसजी पत्र्याच्या आणि प्लायवुडच्या भिंतीतून सहज पलीकडे जातात. पलीकडच्या खोलीत मुलं झोपत असतील तर घरात एएए किंवा बीबीच्या वर जाऊ नका. पत्र्याच्या भिंतीला तेही थांबतील असं धरून चालायचं नाही.

शेतात, परवानगीने, रानडुकरासाठी एलजी किंवा एसजी, आणि तेही पंचवीस-तीस मीटरच्या आतच. त्यापुढे छर्रे इतके विरळ होतात की एखाद-दुसराच लागतो आणि जनावर जखमी होऊन झाडीत शिरतं. जखमी डुकराच्या मागे जाणं म्हणजे अंगावर ओढवून घेणं. चार किंवा सहा नंबरचं काडतूस डुकरावर कधीच झाडू नये.

चुकलेला छर्रा किती लांब जातो हेही ठाऊक हवं: सहा नंबरचा साधारण दोनशे मीटर, एसजीचा सहाशे मीटरच्या पुढे.

भारतीय बाराबोअर काडतुसांचं जुनं नाव म्हणजे पुण्याजवळचा खडकीचा दारूगोळा कारखाना. ऑक्टोबर २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहे. एका वेळी किती आणि वर्षाला किती काडतुसं घेता येतील हे परवान्यावर लिहिलेलं असतं. दुकानदाराच्या नोंदीशी ते जुळलं पाहिजे.

६. माझ्या बंदुकीत ६५ मिलिमीटर लिहिलंय, दुकानात ७० चं काडतूस आहे. ते बसतंय, मग वापरू का?

नको. ते बसतं, हाच धोका आहे. काडतुसाची लांबी मोजतात ती झाडल्यानंतर, तोंड उलगडल्यावरची. न झाडलेलं ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसायच्या भागात) आरामात शिरतं. पण झाडताना त्याचं तोंड उलगडायला जागा मिळत नाही, ते नळीच्या अरुंद भागात घुसतं आणि दाब वाढतो. जुन्या इंग्लिश बंदुकांवर अडीच इंच असं लिहिलेलं असतं, ते ६५ मिलिमीटरच. उलट, ७० च्या चेंबरमध्ये ६५ चं काडतूस चालतं.

याहून भयंकर गफलत २० बोअरच्या काडतुसाची. ते बाराबोअरमध्ये घसरून चेंबरच्या पुढे अडकतं, मागून चेंबर रिकामा दिसतो, माणूस बारा नंबरचं दुसरं काडतूस घालतो आणि नळी हाताजवळ फुटते. वेगळ्या बोअरची काडतुसं एका पिशवीत, एका खिशात, एका कपाटात ठेवू नका.

७. ठासणीची बंदूक वापरताना कशाची काळजी घ्यावी?

ठासणी ही जुनी आणि साधी वस्तू असली तरी अपघात तिचे जास्त होतात, कारण ती भरलेली आहे हे बाहेरून दिसत नाही. गज रिकाम्या नळीत तळापर्यंत घाला आणि नळीच्या तोंडाशी गजावर खूण करा. भरल्यावर दुसरी खूण. संध्याकाळी हातात घेतल्यावर गज घालून बघितलं की नळी रिकामी आहे, भरली आहे की चुकून दोनदा भरली आहे, लगेच कळतं. दुहेरी भरलेली ठासणी फुटते.

दारू मापाने घ्या, थेट डब्यातून नळीत ओतू नका. आधीच्या बाराची ठिणगी आत असेल तर अख्खा डबा हातात उडतो. नळीत तोंडाने फुंकू नका. टोपी (घोडा पडल्यावर ठिणगी देणारी) सगळ्यात शेवटी लावा, आणि राखण संपली की टोपी सगळ्यात आधी काढा. ठासणीत काळ्या दारूऐवजी काडतुसातली दारू घालणं म्हणजे नळीचा बॉम्ब करणं.

मर्यादाही ओळखा. एकच बार, पुन्हा भरायला मिनिटभर तरी लागतो, आणि आषाढातल्या पावसात टोपी वाजते पण दारू पेटत नाही.

८. रानडुक्कर भातात शिरलं. परवाना आहे, मारू शकतो का?

शस्त्राचा परवाना एवढ्यासाठी पुरत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ९ ने शिकारीला बंदी आहे. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) अनुसूची दोनमध्ये येतात. उभ्या पिकाचं नुकसान होत असेल तर कलम ११ खाली अधिकृत वनाधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. महाराष्ट्रात यासाठी परिक्षेत्र वनाधिकाऱ्याकडे अर्ज करा, नुकसानीचे फोटो व सातबारा जोडा, पोच घ्या. परवानगीवर गट नंबर आणि मुदत बघा, त्याबाहेर बार काढू नका. मेलेलं जनावर सरकारी मालमत्ता आहे. त्याचं मटण वाटून घेतलं की परवानगी असूनही गुन्हा उभा राहतो.

हवेत बार काढून हुसकावणं हा उपाय दोन-तीन रात्री चालतो, मग डुकरं सरावतात. सौर कुंपण जास्त टिकतं, आणि डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून त्याला अनुदान मिळतं. विजेची उघडी तार आणि गावठी बॉम्ब यांनी गुरं आणि माणसं मेली आहेत. ते करू नये, कुणी करत असेल तर थांबवावं.

९. बिबट्या किंवा गवा समोर आला तर?

दोन्ही अनुसूची एकमध्ये. पीक किंवा शेळी वाचवण्यासाठी त्यांना मारता येत नाही. कलम ११(२) फक्त स्वतःचा किंवा दुसऱ्या माणसाचा जीव वाचवताना सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण देतं. उसाकाठी बिबट्या दिसला की बंदूक आणायला घरात धावणं आणि पुन्हा बाहेर येणं हेच घातक आहे. उभं राहा, आवाज करा, पाठ न दाखवता मागे सरका, दार लावा आणि १९२६ या वनखात्याच्या क्रमांकावर फोन करा. छर्ऱ्यांनी जखमी झालेला बिबट्या पुढचे कित्येक दिवस सगळ्या वस्तीला धोका ठरतो.

१०. रात्री चोर घरात शिरला तर गोळी घालण्याचा हक्क आहे का?

हक्क आहे, पण त्याला कडा आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ लागू आहेत. मालमत्तेच्या बचावात प्राण घेण्यापर्यंत हक्क जातो तो कलम ४१ मधल्या प्रसंगांत: जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी, राहत्या घराला आग लावणं, किंवा जीवाची अथवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती असलेली चोरी वा घुसखोरी. आंबे चोरणारा, मोटर उचलणारा, पळत सुटलेला माणूस यांत बसत नाही. गरजेपेक्षा जास्त इजा केली की हक्क संपतो. पाठमोऱ्या माणसावर झाडलेली गोळी कोर्टात समजावणं जवळजवळ अशक्य असतं.

दार बंद, सगळे एका खोलीत, ११२ ला फोन, मोठ्याने ‘बंदूक आहे, पोलीस येतायत’ अशी हाक. बहुतेक प्रसंग इथेच संपतात. बंदूक त्या खोलीच्या दाराआडून बाहेर पडू नये. अंधारात घरभर शोधत फिरणारा माणूस स्वतःच्याच मुलावर चाप ओढू शकतो.

११. राखणीत माणसालाच गोळी लागली अशा बातम्या येतात. असं का होतं?

कारण आवाजावर आणि हालचालीवर बार काढला जातो. गवत हलतं, मन आधीच ‘डुक्कर’ म्हणून मोकळं झालेलं असतं, आणि गवतात शेजारचा राखणदार वाकून बसलेला असतो. उपाय शिस्तीचे आहेत. अंधार पडण्यापूर्वी शेजारच्या शेतात कोण, कुठल्या माळ्यावर (मचाणावर) आहे हे फोनवर विचारून घ्या आणि त्या दिशा वर्ज्य ठरवा. जमिनीवर बसू नका, माळ्यावरून खाली झाडलेला बार मातीत जातो. बॅटरीच्या उजेडात अख्खं जनावर, त्याचं डोकं आणि पाठीमागे काय आहे हे तिन्ही दिसल्याशिवाय बोट चापावर जाऊ नये. नुसते चमकणारे डोळे पुरेसे नाहीत, गाय-बैलाचे डोळेही चमकतात. प्यायलेला माणूस राखणीला नको. हाकारा घालणारे आणि बंदूकवाला समोरासमोर नकोत.

१२. घरात लहान मुलं आहेत. बंदूक कशी ठेवावी?

रिकामी, कुलपात, भिंतीला बोल्ट मारलेल्या पोलादी कपाटात. काडतुसं दुसऱ्या कुलपात. चावी परवानाधारकाच्या अंगावर. माळ्यावर, गादीखाली, देव्हाऱ्यामागे ठेवलेली बंदूक मुलांना पहिल्याच आठवड्यात सापडते.

एक गोष्ट कुणी विचारत नाही, म्हणून आम्ही इथे घालतो. घरात कुणी खचलं असेल, कर्जाने किंवा दारूने पोखरलं असेल, मरणाची भाषा करत असेल, तर त्याच दिवशी बंदूक घराबाहेर काढा. परवानाधारक दुकानदाराकडे किंवा पोलीस ठाण्यात पावती घेऊन जमा करा. परवाना यामुळे जात नाही. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो. आत्मसंरक्षणासाठी आणलेल्या वस्तूने घरातलाच माणूस जाऊ नये, यापुढे चोराची भीती काहीच नाही.

१३. कोकणातल्या पावसात बंदूक आणि काडतुसं कशी टिकवायची?

कातडी किंवा फोमच्या पेटीत बंद करून ठेवू नका, ओलावा तिथेच धरून राहतो. नळीत गजाने ब्रॉन्झचा ब्रश, मग कोरड्या फडक्याचे तुकडे, मग पातळ तेलाचा हात. तेल जास्त झालं की ते दस्त्यात उतरतं आणि लाकूड कुजतं. ठासणीत काळ्या दारूचे क्षार पाणी ओढतात, म्हणून त्याच रात्री गरम साबणाच्या पाण्याने धुऊन, सुकवून तेल लावा. जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला बघा. कपाटात सिलिका जेल ठेवा आणि गुलाबी झाली की बदला. कागदी काडतूस फुगून चेंबरमध्ये अडकतं. पितळी टोपीवर हिरवा थर आलेली काडतुसं वापरू नका, दुकानदारामार्फत परत करा.

१४. चाप ओढला पण काडतूस वाजलंच नाही. आता?

बंदूक सुरक्षित दिशेला धरून तीस सेकंद थांबा, कारण बार उशिराही सुटतो. मग तोंड बाजूला ठेवून उघडा. आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर दुसरं काडतूस घालण्याआधी नळीतून उजेड बघा. डाट (दारू आणि छर्रे यांच्यामधलं बूच) आत अडकली असेल तर पुढच्या बाराने नळी फुटते. बांधावर पडल्यावर नळीत गेलेल्या चिखलानेही हेच होतं.

१५. मी पुण्यात असतो. शेतावरच्या राखणदाराला माझी बंदूक देऊ का?

नाही. मालकाच्या उपस्थितीत किंवा लेखी अधिकाराने दुसऱ्याने बंदूक नेणं कायद्याला चालतं ते दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी किंवा परवानाधारकाच्या वापरासाठी. राखणदाराने स्वतः वापरायची असेल तर त्याचं नाव परवान्यावर धारक-सेवक म्हणून नोंदवलेलं हवं. नाहीतर दोघांवर गुन्हा. मुलगा, भाऊ, बायको यांनाही हेच लागू.

१६. वडील वारले, बंदूक घरात आहे. काय करायचं?

ती तशीच ठेवू नका, मृत्यूनंतर तो ताबा बेकायदा होतो. पोलीस ठाण्यात किंवा दुकानदाराकडे जमा करा, मग वारस म्हणून अर्ज करा. शस्त्र नियम २०१६ मध्ये वारसाहक्काची सोय आहे. परवानाधारक ७० वर्षांचा झाला असेल किंवा बंदूक २५ वर्षं त्याच्याकडे असेल तर हयातीतही ती वारसाला देता येते. भावंडांची ना हरकत आधीच घेतलेली बरी, फायली तिथेच अडकतात.

१७. सह्याद्रीत ट्रेकला, जंगलात मुक्कामाला परवान्याची बंदूक नेऊ का?

अभयारण्यात मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही (वन्यजीव कायद्याचं कलम ३१). कोयना, राधानगरी, भीमाशंकरच्या बऱ्याच वाटा यात येतात. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकांना वनखात्याकडे नोंदणी करावी लागते, आणि नव्या परवान्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकाची संमती लागते (कलम ३४). जंगलातल्या मुक्कामाला दोर, दोन बॅटऱ्या, शिट्टी, आगपेटी आणि पुरेसं पाणी हेच कामाला येतं.

१८. एअरगनला परवाना लागत नाही ना?

२० जूलपर्यंत शक्ती आणि .१७७ पर्यंत बोअर असेल तर लागत नाही. पण तिने मोर, कबूतर, वानर मारलं तर प्रश्न ८ मधलाच कायदा लागतो.

१९. निवडणुकीत बंदूक जमा करायला लावतात. सगळ्यांनाच का?

छाननी समिती ठरवते. शेतीसंरक्षणाचं कारण असेल तर पीक काढणीचा काळ दाखवून सूट मागणारा अर्ज नोटीस येताच द्या. जमा केली तर पावतीवर बंदुकीचा नंबर आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या, परत घेताना नळी तपासा.

२०. लग्नात, वरातीत एखादा बार काढला तर चालतो का?

नाही. २०१९ पासून दुसऱ्याच्या जीवाला धोका होईल असा हर्षोल्हासाचा बार हा स्वतंत्र गुन्हा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय परवाना जाण्याची शक्यता. सरावासाठीही शेतात बार काढू नका. परवाना संरक्षणाचा असतो, सराव रायफल क्लबच्या रेंजवर करा. तिथे कानांना मफ लावा. बाराबोअरच्या एका आवाजानेही कानाला कायमची इजा होऊ शकते.